नऊ की अकरा

वेकफील्ड, फेब्रुवारी. चार वाजले आणि खिडकी विझली.
दोन डोक्यांच्या सूक्ष्मदर्शकाला
इकडून मी, तिकडून आयलीन थॅक्रे,
मध्ये काचेवर एक माणूस,
म्हणजे त्याच्या मोठ्या आतड्याची चकती,
कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ,
जांभळ्या-गुलाबी रंगात बुडवून काढलेली.
फॉर्मवर एवढंच: वय एकाहत्तर. दम लागतो. रक्त कमी.
नाव मी सहीच्या वेळी वाचते.

आधी निरोगी कड बघायची, हा आयलीनचा नियम.
तिथे ग्रंथी उभ्या
नळावर पहाटे लावलेल्या कळश्यांसारख्या,
एकीचा धक्का दुसरीला नाही.

मग काच बोटभर सरकते
आणि रांग मोडते.
पाठीला पाठ, पोटात पोट,
पोकळीत मेलेल्यांचा केर.
पण गोल धरायचं अजून आठवतंय त्यांना,
निम्म्याहून जास्त ठिकाणी.
प्रत ठरवायची म्हणजे दुसरं काय बघायचं?
बिघडलेली लेक
आईच्या वळणावर अजून किती आहे, तेवढंच.

मी लिहिते : हलकी प्रत.
मिरजेच्या बाजारात हलक्या प्रतीचं काही
माझी आई पिशवीत पडू देत नसे.
इथे हलकी म्हणजे बरी.
हे शब्द उलटे घालायला मला चार वर्षं लागली.

बावीस गाठी तपासल्या. बावीसही स्वच्छ.
इथे थांबता आलं असतं.

पण आयलीन काच अगदी कडेला नेते,
जिथे गाठ संपते आणि माणूस सुरू होतो.
तिथे काही पेशी घर सोडून निघालेल्या :
एकटी, दुकटी, फार तर चौघी मिळून.
पाच असल्या तर मोजायच्या नाहीत.
ह्यांना अंकुर म्हणतात.
इतका चांगला शब्द कुणी इथे आणून ठेवला?

"किती?"
"नऊ."
"मला अकरा दिसतात."
नऊपर्यंत मधली पायरी, दहाला वरची,
आणि त्या पायरीवर कदाचित सहा महिन्यांची औषधं.
हिरवा बाण दोन डागांवर थरथरतो.
मी म्हणते, ह्या सफाईवाल्या पेशी, आपल्याच.
ती म्हणते, नीट बघ, वैजू.
मी नीट बघते. नीट बघून काही होत नाही.

मग ती डोळे चोळते, म्हणते,
बाबा रूबार्बच्या शेडमध्ये होते.
खिडकी नाही, दिवा नाही, तोडणीपुरती मेणबत्ती.
ह्याच महिन्यात काळोखात कोंब फुटायचे,
आणि फुटताना आवाज यायचा. टप्.
आम्हा पोरांना बोलायची बंदी.
मी ऐकत बसायचे, आणि मला फार भीती वाटायची.

यंत्राचा पंखा तेवढा घरघरतो.

केराटिनचा रंग मागवला.
दोन दिवसांनी काच आली, अंकुर तपकिरी,
बाकी सगळं फिकट निळं, लपायला जागा नाही.
दोघींनी वेगवेगळं मोजलं, चिठ्ठीवर लिहिलं,
चिठ्ठ्या उलट्या ठेवल्या, मग एकदम उघडल्या.
दहा. दहा.
दोघी चुकलो होतो.
आयलीन हसली, मीही हसले,
मग आम्हाला ते बरं वाटलं नाही.

प्रत हलकी. अंकुर दहा. पायरी वरची.
सही करताना वाचलं : डेरेक विगल्सवर्थ.
सोमवारच्या बैठकीत माझा कागद वाचतील,
मग कुणीतरी त्याला खुर्ची देईल.

संध्याकाळी आयलीनने टेबलावर रूबार्बची जुडी ठेवली,
देठ गुलाबी, टोकाला मुठीएवढं मिटलेलं पान.
मला त्याचं काय करतात ते येत नाही.
मेथ्यांची फोडणी दिली, गूळ घातला,
मेथांबा समजून ढवळत राहिले.
आंबट झालं.
आणखी गूळ घातला.
तरी आंबट.